पाणी बदलल्यावर

परगावी गेलेल्या माणसाची प्रकृती ढासळू लागली, अन्नावरची वासना उडाली, की आपल्याकडील वडीलधारी मंडळी एका वाक्यात निदान करून मोकळी होतात : ‘त्याला तिथले पाणी लागले.’ या म्हणण्यात वैद्यक किती आहे हे वैद्यांनी सांगावे. परंतु एका ठिकाणी रुजलेला जीव दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवला म्हणजे त्याच्यावर काय गुदरते, याचे पूर्वजांनी केलेले निरीक्षण त्यात साठवलेले आहे, एवढे खास. गेल्या वर्षभरात या निरीक्षणाचा पडताळा आमच्या घरी दोन ठिकाणी आला. एक आमच्या सूनबाईच्या ठायी, आणि दुसरा तिने माहेराहून आणलेल्या, पाण्याखाली वाढणाऱ्या एका चिमुकल्या रोपट्याच्या ठायी. सूनबाईची अनुमती घेऊनच हा मजकूर लिहीत आहे. ज्यांच्या घरी नुकतीच सून आली आहे, किंवा ज्यांची लेक नुकतीच सासरी गेली आहे, अशा कुटुंबांना त्याचा काही उपयोग व्हावा, अशी तिचीही इच्छा आहे.

आम्ही राहतो तो बऱ्हाणपुरातील सिंधीपुरा मोहल्ला. या नावातच एक जुनी कथा दडलेली आहे. सोळाव्या शतकात, येथे फारुकी घराण्याचे राज्य असताना, सिंध प्रांतातून आपले घरदार सोडून निघालेली काही मंडळी तापीकाठच्या या शहरात आली. त्यांत सूफी साधू होते, त्यांचे शिष्य होते. त्यांनी जेथे वस्ती केली तो भाग सिंधीपुरा म्हणून ओळखला जाऊ लागला. आज मोहल्ल्यात यंत्रमागांचा खडखडाट अष्टौप्रहर चालू असतो, आणि येथे राहणाऱ्या कुणालाही आपण परके आहोत असे वाटत नाही. उपटून आणलेले रोप दुसऱ्या मातीत किती खोलवर जाऊ शकते, याची साक्ष आमच्या पत्त्यावरच लिहिलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मीही रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आलो आणि येथलाच झालो. कॅथलिक कुटुंबे आमच्या आसपास विरळाच. परंतु शेजार चांगला, आणि रविवारच्या मिस्सेला जाण्यात कधी अडचण आली नाही.

सूनबाईचे माहेर वसईचे, नंदाखालच्या बाजूचे. घरामागे केळीची बाग, बागेला पाणी देणारे बावखल, घरात कादोडी बोली, ताटात रोज ताजी मासळी, आणि हाकेच्या अंतरावर चर्चची घंटा, अशा वातावरणात ती वाढली. बऱ्हाणपूरही केळीचेच गाव. तेव्हा मुलीला फारसे परके वाटणार नाही, असा आमचा सर्वांचा समज. वसईची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी हा तिकडचा अभिमान, तर आमच्याकडे मैलोगणती केळीचे मळे. परंतु केळीचे पान सारखे असले म्हणून पायाखालची माती आणि विहिरीचे पाणी सारखे होत नाही.

बऱ्हाणपूरच्या पाण्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीखालून झिरपत तापीकडे वाहत असते. ते वाटेतच अडवून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची योजना जहांगीर बादशहाच्या काळी, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूतज्ज्ञाने १६१५ साली आखली. जमिनीखाली बोगदे आणि त्यांवर ओळीने शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या, असे हे कुंडी भंडाऱ्याचे काम आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. खडकातून झिरपून येणाऱ्या या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. त्यांचे थर त्या बोगद्यांच्या भिंतींवरही चढलेले आहेत. आमच्या घरच्या कूपनलिकेचे पाणी याच जातीचे. हंड्याला आतून पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही. आम्ही त्यालाच गोड मानतो. कारण आमची जीभ त्यावर वाढली आहे.

लग्न जानेवारीत झाले. सूनबाई पहिल्यांदा माहेरी जाऊन परतली तेव्हा प्रायश्चित्तकाळ निम्मा सरला होता. येताना तिच्या भावाने तिला ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत हवा भरून, दोन रोपे दिली होती. तिच्या भावाला काचेच्या पेटीत मासे आणि पाणवनस्पती वाढवण्याचा छंद आहे. लग्नापूर्वी त्या पेटीची निगा हीच ठेवीत असे. आमच्या घरी मुलाने दीड फूट लांबीची पेटी आधीच आणून ठेवली होती. तीत सुमारे चाळीस लिटर पाणी मावते. तळाशी तीन बोटे धुतलेली वाळू, चार-सहा गप्पी मासे, आणि मध्यभागी ही दोन रोपे, असा संसार थाटला गेला.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकोरिन वेंडटी. आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातली ही. ग्रीक भाषेत या नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘गुप्त’ आणि उत्तरार्धाचा ‘गदा’ असा होतो. कारण अळवाच्या फुलात जो दांडा उभा दिसतो तो हिच्या फुलात एका बंद नळीच्या पोटात लपलेला असतो. मूळची ही श्रीलंकेतील ओढ्यांची. डी विट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पाने लांबट, कडेला किंचित चुण्या असलेली, हिरव्यापासून तपकिरीपर्यंत छटांची. लहान जातीचे रोप वीतभर उंचीच्या आतच राहते, त्यामुळे छोट्या पेटीला ते शोभते. कोकणातील ओढ्यांतही हिच्या काही बहिणी आढळतात. कॉग्नाटा नावाची जात तर कोकणचीच. परंतु अशा रानच्या वनस्पती हौसेपोटी उपटून आणू नयेत. रोपवाटिकेत वाढवलेले रोप अल्प किमतीत मिळत असता देवाच्या बागेत कुणी का हात घालावा?

रोपे लावून चार दिवस झाले असतील. एका सकाळी पानांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या. दुसऱ्या दिवशी पाने देठाशी वाकली. आठवडा संपता संपता ती पाण्यात अक्षरशः विरघळली. बोट लावले तर जेलीसारखी हाताला येत. दोन रोपांच्या जागी वाळूतून वर आलेले दोन काळपट खुंट तेवढे उरले.

आणि याच दिवसांत सूनबाईही मिटत चालली होती. कामात कसूर नाही, बोलण्यात उणेपणा नाही. पण पहिल्या दिवसांतले हसू मावळले होते. जेवण पाखराएवढे. मुलाची रेल्वेतील नोकरी पाळीची. तो रात्री घरी नसे. संध्याकाळच्या पवित्र माळेला ती आमच्याबरोबर बसे, आणि मराठीतून प्रार्थना म्हणता म्हणता मध्येच तिचा आवाज बसे. सौभाग्यवतींना काळजी वाटू लागली. नातलगांपैकी एकाने सुचवले, ‘हिला इथले पाणी मानवत नाही, सहा महिने माहेरी पाठवा.’ दुसऱ्याने सुचवले, ‘मुलाने मुंबईकडे बदली मागून घ्यावी.’ तिसऱ्याने तर मुलीच्या स्वभावाविषयीच शंका काढली. एका नव्या संसाराचे काय होणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारीत नव्हते, परंतु तो प्रत्येकाच्या ताटाशी येऊन बसत होता.

रोपांचे खुंट काढून टाकावेत, असे घरात ठरत होते. सूनबाईने भावाला फोन लावला. मी जवळच बसलो होतो. त्याने सांगितले ते मी पुढे अनेकदा मनात घोळवले. तो म्हणाला, “उपटू नका. पाने गेली असतील, कंद आणि मुळे जिवंत आहेत. या रोपाचा धर्मच असा आहे. कुजलेले तेवढे कात्रीने काढा, बाकी महिनाभर हात लावू नका.”

पुढे मी या विषयावर जे जे मिळाले ते वाचले, आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचे आढळले. क्रिप्टोकोरिनची पाने ज्या पाण्यात, ज्या प्रकाशात, ज्या उष्णतेत उगवतात, त्यासाठीच ती घडलेली असतात. वसईच्या नळाला येणारे धरणाचे मऊ पाणी आणि आमच्या कूपनलिकेचे चुनखडीचे जड पाणी यांत फार अंतर. परिस्थिती एकाएकी पालटली की ही वनस्पती जुन्या पानांचा त्याग करते आणि तग धरून राहते ती वाळूखालच्या कंदावर. तेथूनच पुढे नवी पाने फुटतात, आणि ती नव्या पाण्यासाठी घडलेली असतात. आपले पाणी वाईट असते असे नाही. उलट जड पाणी या जातीला चांगलेच चालते. तिला सोसत नाही तो एकाएकी झालेला बदल. म्हणून अशा वेळी घाबरून रोप उपटणे, जागा बदलणे, रोज नवे औषध घालणे, यासारखा अपाय नाही. कारण प्रत्येक उपायाबरोबर त्या बिचाऱ्या जिवाला आणखी एक बदल सोसावा लागतो.

केळीच्या बागाईतदारांना हे तत्त्व नवे नाही. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली ग्रँड नैन केळीची रोपे थेट शेतात लावली तर ती करपून जातात. आधी त्यांना हरितगृहात, मग जाळीच्या सावलीत काही आठवडे ठेवावे लागते. ऊन, वारा यांची ओळख हळूहळू करून द्यावी लागते. जे शहाणपण आपण एका साध्या रोपासाठी वापरतो, ते परक्या घरून आलेल्या मुलीसाठी वापरावयाचे नाही काय?

येथे मला पवित्र शास्त्रातील रूथची आठवण झाली. मवाब देशची ही तरुण विधवा आपली सासू नामी हिच्याबरोबर बेथलेहेमला आली. तिच्या निष्ठेची थोरवी आपण नेहमी ऐकतो, आणि ती आहेच. परंतु ती कथा पुन्हा वाचताना माझे लक्ष बवाजाकडे गेले. परकी मुलगी शेतात सरवा वेचावयास आली, तेव्हा त्याने तिच्यापुढे भाषण केले नाही की तिची परीक्षा पाहिली नाही. गड्यांनी तिला त्रास देऊ नये, तहान लागली तर तिने त्यांच्या घागरीतले पाणी प्यावे, आणि पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्यावीत, एवढी व्यवस्था त्याने लावून दिली. रूथ बेथलेहेमात रुजली ती तिच्या निष्ठेने, तसेच बेथलेहेमाने तिच्यासाठी टाकलेल्या त्या चार कणसांनीही. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा जन्मला, आणि प्रभू येशूच्या वंशावळीत संत मत्तयने तिचे नाव आवर्जून लिहिले.

तेव्हा आम्हीही घरात कणसे गळू द्यावयाचे ठरवले. सौभाग्यवतींनी वसईहून सुकी मासळी मागवली. मांड्यांच्या शेजारी सुकटीची चटणी बसली, आणि दोघींचे पटले असे दिसले. रोज सायंकाळी माळेनंतर अर्धा तास माहेरच्या फोनसाठी राखून ठेवला. त्या वेळी कुणी तिला हाक मारावयाची नाही आणि ती कादोडीत काय बोलली हे विचारावयाचे नाही. माळेचे एक दशक तिने आपल्या बोलीतून म्हणावे, असे मीच सुचवले. देवाला ती भाषा येते. मुलाने वरिष्ठांना विनंती करून महिन्यातील काही रात्रपाळ्या बदलून घेतल्या. यापलीकडे ‘तुला करमते का?’ असे दिवसातून दहा वेळा विचारणे आम्ही कटाक्षाने टाळले. रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोज वाळू उकरणाऱ्याचे रोप कधीच रुजत नाही.

इकडे पेटीची निगा सूनबाईच ठेवीत होती. ज्यांना हा छंद करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी तिची पद्धत थोडक्यात सांगतो. नळाचे पाणी असल्यास ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाते. आठवड्यातून एकदा पेटीतील चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये. हे रोप मुळांवाटे जेवते, म्हणून मुळांजवळ वाळूत पाणवनस्पतींसाठी मिळणारी खताची गोळी दोन-तीन महिन्यांतून एकदा खोचावी. मात्र कंदाचा वरचा कोंब वाळूत गाडला जाऊ नये. प्रकाश सौम्य हवा, दिवसाला सात-आठ तास पुरेत; थेट उन्हात पेटी ठेवली तर पानांवर शेवाळ चढते. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे.

उन्हाळा हा आमच्याकडचा कठीण काळ. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि या रोपाला ३० अंशांपलीकडचे पाणी सोसत नाही. बर्फ टाकणे हा उपाय नव्हे. तो पुन्हा एकाएकी केलेला बदल. माठाचे पाणी ज्या न्यायाने गार होते तोच न्याय येथे लावावा. पेटीचे झाकण काढावे आणि लहान पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि पेटी काही अंशांनी निवते. मात्र उडून जाते ते पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून तूट भरून काढताना पावसाचे साठवलेले किंवा शुद्धीकरण यंत्रातले मऊ पाणी घालावे.

नवे पान ईस्टरच्या पहाटे दिसले असते तर या लेखाला ते शोभून दिसले असते. परंतु ते दिसले त्यानंतर आठ दिवसांनी, एका साध्या सोमवारी. काळ्या खुंटाच्या शेजारी, नखाएवढे, घडी घातलेल्या कागदासारखे. सूनबाईने सासूला हाक मारली, सासूने मला. तिघेही पेटीसमोर गुडघे टेकून बसलो होतो. मुलीच्या तोंडावर त्या वेळी जे हसू आले, ते आम्ही दोन महिन्यांत प्रथमच पाहिले.

त्यानंतर सगळे काही एकदम सुरळीत झाले, असे मी लिहिणार नाही. समुद्राची आठवण तिला अजून येते. पावसाळ्याच्या तोंडाशी विशेष. नवी पाने वसईच्या पानांसारखी नाहीत. ती आखूड आहेत, रंगाने अधिक तपकिरी आहेत. सूनबाईही लग्नापूर्वीची मुलगी राहिलेली नाही. ती आता बाजारात निमाडी वळणाच्या हिंदीत भाव करते, रविवारी मिस्सेनंतर मुलांना धर्मशिक्षण देते, आणि घरात तिच्या मताला वजन आहे. जे गेले ते गेलेच. जे आले ते येथल्या पाण्यात वाढलेले आहे, म्हणून टिकेल असा भरवसा वाटतो. बदलीचा अर्ज कुणी केला नाही. पण प्रसंग पडला असता आणि तिच्या प्रकृतीसाठी तोच मार्ग उरला असता, तर आम्ही तोही आनंदाने पत्करला असता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. धीर धरणे म्हणजे एखाद्याचे दुःख पाहून स्वस्थ बसणे नव्हे. मुळे जिवंत आहेत ना, याची खात्री करूनच धीर धरावयाचा असतो. आणि जेथे छळ असेल, आजार असेल, तेथे वाट न पाहता मदत घ्यावयाची असते.

पावसाळ्यानंतर रोपांनी वाळूखालून धावते कोंब सोडले, आणि थोड्या अंतरावर पिले वर आली. चार-पाच पाने झाल्यावर पिलू कापून वेगळे करता येते. असे पहिले पिलू सूनबाईने शेजारच्या विणकर कुटुंबातील मुलीला दिले. ती मुलगीही नवी नवरी, मालेगावहून आलेली. जिन्याजवळ उभी राहून सूनबाई तिला समजावून सांगत होती, “सुरुवातीला पाने गळतील, बरं का. घाबरून काढून टाकू नकोस. आणि उरलीसुरली पाने नाल्यात किंवा तळ्यात फेकू नकोस. घरातच वाळवून मग टाक.” ही शेवटची सूचनाही महत्त्वाची. हौसेने आणलेल्या परदेशी पाणवनस्पती ओढ्यानाल्यांत पडल्या की काय होते, ते दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांत आणि तळ्यांत दाखवून दिले आहे. माशांच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.

वाचकहो, येत्या लग्नसराईत आपल्या गावोगावच्या चर्चमध्ये कितीतरी मुली वेदीसमोर उभ्या राहतील आणि दुसऱ्या दिवशी परक्या पाण्याला जातील. शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघालेली मुलेही आहेत. आईवडिलांना आपल्याकडे आणून ठेवणारे लेकही आहेत. अशा प्रत्येक घराला माझी नम्र विनंती आहे. पहिल्या काही महिन्यांत पाने गळताना दिसली, तर त्या जिवाचा स्वभाव काढू नये. आपल्या पाण्याचा अपमान झाला असेही मानू नये. त्याच्यासाठी काही कणसे मुद्दाम गळू द्यावीत. त्याच्या बोलीला, त्याच्या चवीला, त्याच्या आठवणींना घरात एक कोपरा द्यावा. रोजची प्रार्थना एकत्र करावी. बाकीचे काम वाळूखाली चालते, आणि ते करणारा प्रभू आपल्याहून अधिक धीराचा आहे.